दोन गिटार, एकच गाणं: स्टेजवर रिदम आणि लीडवाल्यांनी या चुका टाळा

भीमजयंतीचा गाण्यांचा कार्यक्रम असो, गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजचं गॅदरिंग, परभणी-नांदेड-लातूरकडे हल्ली स्टेजवर दोन गिटारवाले दिसतात: एक रिदमवाला, म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत ठेका धरणारा, आणि दुसरा लीडवाला, म्हणजे सुटे सूर आणि सोलो (एकट्याचा तुकडा) वाजवणारा. दोघंही घरी सुरेख वाजवतात. स्टेजवर मात्र गायकाचे शब्द बुडतात आणि दोन्ही गिटारी मिळून नुसता कल्ला होतो. मी या भागात बरीच वर्षं रिदम वाजवतोय. ज्या चुका मी स्वतः केल्या आणि आजही मंडपात होताना बघतो, त्या इथं लिहितो.

दोघांनी एकाच जागी एकच कॉर्ड धरणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. गाणं जी मेजरमधलं असलं की दोघंही ओपन जी (काही तारा मोकळ्या ठेवून धरलेला जी कॉर्ड) धरतात आणि सहाच्या सहा तारांवर हात मारत सुटतात. त्यानं आवाज भरदार होत नाही, गढूळ होतो. रिदमवाल्यानं ओपन कॉर्ड धरावेत आणि दुसऱ्यानं वर जावं. सातव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या सातव्या घरात) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की जी, सी, डी, ई मायनर हे त्याच्या हातात सी, एफ, जी, ए मायनर होतात. स्वर तेच राहतात, पण जागा वेगळी मिळते, आणि दोन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात. कॅपो नसला तर त्यानं बारीक तीन तारांवरच छोटे कॉर्ड वाजवावेत.

बँडमध्ये बेस गिटार असेल तर रिदमवाल्यानंही जाड तारांवरचा हात हलका ठेवावा. बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, आपली 82 च्या. तो खालचा मजला बेसवाल्याचा आहे. घरी एकट्यानं वाजवताना बेसचा नॉब वाढवला की कान सुखावतात, पण त्याच सेटिंगवर स्टेजवर गेलात तर आख्ख्या बँडचा आवाज घुमतो.

ढोलकीच्या अंगावर जाणं

इंग्रजी गाण्यांवर स्ट्रमिंग शिकलेली पोरं इथं हमखास फसतात. आपल्या गाण्यात ढोलकी असते, आणि ढोलकीवाल्यानं लग्गी (जलद, भरगच्च ठेका) लावली की दोन मात्रांमधली सगळी जागा तो भरून काढतो. त्यावर गिटारचं सतत वर-खाली स्ट्रमिंग आलं की दोघांचंही काम मातीत जातं.

केहरवा तालाच्या आठ मात्रा मोजा. पहिली आणि पाचवी बेसला द्या, तिसरी आणि सातवी तुमची. त्या दोन मात्रांवर आखूड कॉर्ड मारा आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून, तारांना नुसती टेकवून त्या गप्प करा. सहा मात्रांच्या दादऱ्यात पहिली आणि चौथी बेसची, मधल्या मात्रा तुमच्या. पहिल्यांदा वाजवताना काहीच करत नाही असं वाटतं, पण समोर बसलेल्यांचे पाय त्याच ठेक्यावर हलतात.

रिदमला दुय्यम समजणाऱ्यांनी फ्रेडी ग्रीनला जरूर ऐकावं. हा अमेरिकन जॅझ रिदम गिटारवाला 1937 मध्ये काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये वारला तेव्हाही त्याच बँडमध्ये होता. सोलो जवळपास घेतलेच नाहीत. त्याची गिटार वेगळी काढून ऐकू येत नसे, पण आख्खा बँड तिच्यावर उभा असे.

गायक गात असताना लीड चालू ठेवणं

लीडवाल्यानं गाण्याचे शब्द पाठ करावेत, कारण ओळ कुठं संपते आणि गायक श्वास कुठं घेतो हे त्याशिवाय कळत नाही. त्याची जागा तिथंच आहे. गाणं कव्वालीच्या अंगाचं असेल आणि गायक शेर म्हणत असेल, तर हात तारांवरून काढूनच घ्यावा. लोक शब्द ऐकायला आलेले असतात.

सोलो आला की गिटार गायब

ही तक्रार सगळ्यांचीच. आधी पेडलचा क्रम बघा. बूस्ट (आवाज वाढवणारं) पेडल ओव्हरड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी असेल तर आवाज फारसा वाढत नाही, नुसता जास्त फाटतो. तो ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावा. मग अँपचा मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, बघा. बेस आणि ट्रेबल वाढवून मिड अगदी कमी केलेली गिटार घरी झकास वाटते, पण बँडमध्ये कीबोर्ड आणि झांजांच्या मध्ये हरवते. आणि सोलो सुरू झाला की रिदमवाल्यानं आपला व्हॉल्यूम दहावरून सातवर आणावा. हे त्याचं कामच आहे.

"दादा, माझी गिटार मलाच ऐकू येईना गेली," असं म्हणत जो तो आवाज वाढवतो. दहापैकी आठ वेळा अँप जमिनीवर असतो आणि सगळा आवाज पोटऱ्यांवर जातो. तो खुर्चीवर ठेवा, थोडा तिरका करून तोंड कानाकडे करा.

"काळी दोन" ऐकून गोंधळणं

इकडचा गायक डी शार्प म्हणणार नाही, पेटीच्या पट्टीवरून काळी दोन (दुसरी काळी पट्टी) म्हणेल. काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ. हे पाठच हवं. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे आकार वाजवा. दुसरी गोष्ट, जुन्या पेट्या बऱ्याचदा 440 हर्ट्झवर, म्हणजे ट्यूनर धरतो त्या ठरलेल्या सुरावर, नसतात. ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, तरी गिटार बेसूर लागते. अशा वेळी ट्यूनर बाजूला ठेवून पेटीला लावा. पेटी आणि कीबोर्ड दोन्ही असतील तर कुणाच्या सुरात जायचं, ते आधी ठरवा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात तापलेली तार सैल पडते आणि रात्री गार झाली की सूर चढतो. दुपारच्या साउंड चेकला लावलेली गिटार रात्री पुन्हा लावावीच लागते. बंद गाडीत तर ती ठेवूच नका, गोंद सुटून ब्रिज उचलला जातो.

अर्थिंग

यात हयगय नको. जनरेटरवरच्या स्टेजवर अर्थिंग नसेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागताच जबर शॉक बसू शकतो. अशानं जीवही जातो. थ्री-पिनची जाड पिन कधीही कापू नका. काडेपेटीच्या काड्या खुपसून वायर लावलेली दिसली तर आधी वायरमनला बोलवा, तोवर गिटार गळ्यात घालू नका. गरगर आवाज येत असेल आणि तारांना हात लावला की तो कमी होत असेल, तर अर्थिंग नीट आहे असं गृहीत धरू नका. वायरमनकडून तपासूनच घ्या.

शेवट न ठरवणं

गाणं कुणाच्या इशाऱ्यावर थांबणार, हे रिहर्सलमध्ये ठरवा. आमच्याकडं ढोलकीवाला मान वर करतो आणि तिहाई घेतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून थांबतो. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, वेगळी परवानगी काही ठरावीक दिवसांनाच असते. त्यामुळं दोन गिटारींची लांब गाणी साडेनवाच्या आत उरकून घ्या. शेवटच्या अर्ध्या तासात गायक, ढोलकी आणि एक रिदम एवढ्यावर होणारी गाणी ठेवा, म्हणजे साउंडवाल्याला एकेक वायर गुंडाळायला घेता येते.