सहा महिन्यांसाठी कुत्रा बोर्डिंगला ठेवताय? या चुका टाळा

मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, आणि जुळे सोलापुरातल्या घरात आई-बाबा नि एक लॅब्रॅडॉर. असं घर आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. मुलीचं बाळंतपण ठरलं की आई-बाबांचा सहा महिन्यांचा मुक्काम पक्का होतो, शेंगाचटणीची पाकिटं भरली जातात, आणि निघायला पंधरा दिवस उरले की कुणाला तरी आठवतं, अरे, याचं काय करायचं?

मग पहिली चूक होते: "मागच्या दिवाळीत चार दिवस ठेवला होता की, छान राहिला. तिथेच ठेवू."

चार दिवसांत कुठलाही निरोगी कुत्रा निभावून नेतो. कमी जेवला तरी चालतं, कमी फिरवला तरी चालतं. लांबच्या मुक्कामात बिघडतं ते सावकाश. महिन्याला अर्धा-एक किलो वजन उतरतं, सिमेंटच्या फरशीवर पडून कोपरं सोलवटतात, नखं वाढून वळतात, कानाला वास येऊ लागतो. यातलं काहीच व्हॉट्सॲपच्या वीस सेकंदांच्या व्हिडिओत दिसत नाही. त्यात शेपूट हलताना दिसतं, आणि शेपूट तर आजारी कुत्राही हलवतो. म्हणून जागा निवडताना इमारतीआधी माणूस ठरवा: दर आठवड्याला तिथे जाऊन कुत्र्याला हात लावून बघणारा भाऊ, भाचा, शेजारी, कुणीही. तो माणूस सोलापुरात असेल तर पुण्यातल्या चकचकीत हॉस्टेलपेक्षा सोलापूरजवळची साधी जागा मी केव्हाही पसंत करीन. अडीचशे किलोमीटरवर 'अधूनमधून चक्कर मारू' हे दुसऱ्या महिन्यात बंद पडतं.

रविवारी सकाळी अकराला, फोन करून बघायला जाणं

या वेळेला सगळीकडे फिनेलचा वास आणि धुतलेल्या फरश्याच दिसणार. आपल्याकडे जायची खरी वेळ म्हणजे एप्रिल-मेमधली दुपारी तीनची. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो आणि होटगी रोड काय, बार्शी रोड काय, गावाबाहेरच्या बऱ्याच जागा पत्र्याच्या शेडखालीच असतात. त्या शेडमध्ये स्वतः दहा मिनिटं उभं राहा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असली की धापांचाही उपयोग होत नाही. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांचं तर विचारूच नका. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पण वीज गेल्यावर काय, हे विचारा. इन्व्हर्टरवर दिवे चालतात की कूलरही चालतो, या दोन्हींत फरक आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं हे सोलापूरकराला सांगायला नको. वीस कुत्री असतील तर पिणं, भांडी, पिंजरे धुणं यात टाकी भराभर संपते. बोअर आहे का, मे महिन्यात तो आटतो का, टँकर कुठून येतो? उत्तर गुळमुळीत आलं तर पिंजरे धुण्यातच काटकसर होते, असं समजा.

तिसरा प्रश्न, रात्री तिथे कोण झोपतं? "सीसीटीव्ही आहे ना काका" हे त्याचं उत्तर नव्हे. कॅमेरा पोट फुगलेल्या कुत्र्याला दवाखान्यात नेत नाही.

मालक "आमच्याकडे सगळे मोकळे असतात" म्हणाला की लोक खूश होतात. लगेच विचारावं: जेवतानासुद्धा? बहुतेक भांडणं ताटलीवरूनच होतात. दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हे दुसरं टोक. आखूड किंवा जड साखळीने विनाकारण फार वेळ बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. घरी कारवान (सडपातळ शिकारी जात) असेल तर कुंपणाची उंची जरूर बघा, ती जात उड्या मारण्यात पटाईत. शिवाय तिच्या फासळ्या मुळातच थोड्या दिसतात. सांभाळणाऱ्याला हे माहीत नसेल तर खाऊ घालून तिला गोलमटोल करतो, नाहीतर खरंच खंगली तरी "हिची जातच बारीक" म्हणून सोडून देतो. सोडायच्या दिवशीचं वजन आणि वरून-बाजूने काढलेले फोटो दोघांकडेही असू द्या.

गोचीड किरकोळ समजणं

या एका गोष्टीवर मी जागा नाकारायला सांगतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड गवतातच असते असं नाही, ती बंद जागेत, भिंतीच्या भेगांत आणि पिंजऱ्याच्या सांध्यांत आरामात राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. जेवण न मिळताही ती महिनोन्‌महिने तग धरते. म्हणजे आज कुत्र्यांच्या अंगावर काही दिसत नसलं तरी भिंतीत फौज असू शकते. भेटीला जाताना मोबाइलचा टॉर्च घेऊन कोपरे, दाराच्या चौकटी, छताजवळच्या फटी बघा. मालकाला राग आला तर येऊ द्या.

तिच्या चाव्यातून येणारा गोचीड ताप आपल्या भागातल्या पशुवैद्यांना रोजचाच. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, जेवणावरून मन उडणं, हिरड्या फिक्या पडणं, कधी नाकातून रक्त. प्लेटलेट्स उतरतात. वेळेवर कळला तर बहुतेकदा डॉक्सिसायक्लिनच्या सुमारे चार आठवड्यांच्या कोर्सने बरा होतो, पण रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं. गोचिडावरच्या काही गोळ्यांचा असर महिनाभर टिकतो, काहींचा बारा आठवडे. सहा महिन्यांचा हिशोब करून तेवढ्या गोळ्या तारखा लिहून देऊन जा. "तिकडे देतील" यावर राहू नका.

लसी शेवटच्या आठवड्यात उरकणं

लस टोचली की त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांची एकत्रित लस आणि केनेल कफची, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणाऱ्या खोकल्याची लस निदान दोन आठवडे आधी झालेली हवी. रेबीजची वार्षिक तारीख किंवा जंताच्या औषधाची तिमाही तारीख तुम्ही परदेशात असताना येते का, हे बघा. आणि जी जागा तुमच्याकडे लसीचं कार्ड मागत नाही ती कुणाकडेच मागत नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

माजाचा विचार न करणं

ऑपरेशन न झालेली मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. म्हणजे मुक्कामात एकदा येण्याची शक्यता बरीच. वेगळी, पक्क्या दाराची खोली नसेल तर तुम्ही परताल तेव्हा पिल्लांची बातमी तयार असेल. गाभणकाळ जेमतेम त्रेसष्ट दिवसांचा. शिवाय माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो: पाणी फार पिणं, सुस्ती, स्राव दिसला की त्याच दिवशी दवाखाना. जमत असेल तर ऑपरेशन जाण्याआधी महिनाभर उरकून घ्या.

पैसे आणि अधिकार तोंडी ठेवणं

सहा महिन्यांचे पैसे एकरकमी देऊन 'सूट' घेऊ नका, महिन्याला द्या. कागदावर तीन गोष्टी हव्यात: कोणता डॉक्टर, किती रुपयांपर्यंतचा खर्च विचारल्याशिवाय करायचा, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कुणी घ्यायचा. इकडे दुपार असते तेव्हा अमेरिकेत तुम्ही झोपलेले असता. ऑपरेशन करायचं का, अगदी वाईट वेळी इंजेक्शन द्यायचं का, हे इथल्या एका माणसाच्या नावाने सहीनिशी लिहून ठेवा. लिहिताना हात जड होतो, तरी लिहा. घरी कुत्र्याशी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याला कळणारे पाच-सहा शब्दही त्याच कागदावर उतरवा.

ठेवल्यानंतर काही बिघडलं तर

आधी दोन रात्रींची चाचणी घ्या, मग आठवड्याची. त्यात पुढचं बरंच कळतं.

जेवत नाही: मोठा, निरोगी कुत्रा पहिले एक-दोन दिवस तोंड फिरवतो. घरचंच खाणं द्या, बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. दोन दिवसांपुढे गेलं, किंवा पाणीही सोडलं, तर डॉक्टर. पिल्लू असेल तर दोन दिवस थांबूच नका.

घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला: केनेल कफ असू शकतो. वेगळं ठेवायला सांगा, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालायला सांगा.

रक्ताचे जुलाब आणि उलट्या: त्याच तासाला दवाखाना. फोनवर गोळी विचारायची नाही.

वजन: पंधरा दिवसांनी काट्यावर, आकड्याचा फोटो. तीस किलोचा कुत्रा सत्तावीसवर आला तर "नीट खातो" हे उत्तर पुरे नाही. जंत, गोचीड ताप, किंवा शेजारच्याने ताटली पळवणं, यातलं काहीतरी शोधायचं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम आणि दिवाळीचे चार दिवस, या काळात शहरातल्या बोर्डिंगमधून कुत्री पळतात. त्या रात्री आत, बंद खोलीत ठेवायचं हे आधीच ठरवा. पट्ट्यावर इथल्या माणसाचा नंबर हवा, तुमचा बंद पडलेला भारतीय नंबर नको.

आणि जागा चुकलीच असं दिसलं तर उरलेल्या महिन्याच्या पैशांसाठी थांबू नका, माणूस पाठवून कुत्रा हलवा. परतल्यावर तो भरपूर झोपेल, पहिले दोन दिवस जरा परका वागेल, त्यात काही नाही. मात्र घरी आल्यापासून तीन आठवड्यांत ताप आला किंवा जेवण सुटलं, तर डॉक्टरांना 'हा बोर्डिंगमधून आलाय' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि प्लेटलेट्स तपासून घ्या.