कॉटनवूड फॉल्सचं कोर्ट बघायला जाताना

आधी वार बघा. कॅन्ससमधल्या चेस काउंटीचं हे कोर्टहाउस 1873 मध्ये बांधलेलं, आणि आजही तिथे काउंटीचा कारभार चालतो. त्यामुळे कामकाजाचा दिवस धरा, सरकारी सुटी नाही ना ते तपासा. शनिवार-रविवारीच जमणार असेल तर आत जाता येईल का, हे आधी फोन करून विचारा.

कॅन्सस सिटीहून निघालात तर आय-35 ने एम्पोरिया, मग यूएस-50 ने स्ट्राँग सिटी, तिथून दक्षिणेला दोनेक मैल. विचिटाकडच्यांनी कॅसोडेला टर्नपाइक (टोलचा महामार्ग) सोडून 177 नंबरचा रस्ता पकडावा. फ्लिंट हिल्सची गवताळ टेकाडं बघायला याहून चांगला रस्ता नाही. टर्नपाइकवर आता रोख टोल घेत नाहीत, तेव्हा गाडी भाड्याची असेल तर टोलचं बिल कसं लावतात ते कंपनीला विचारून ठेवा. पेट्रोल आणि पाणी मोठ्या गावातच भरून घ्या. हे गाव हजारभर वस्तीचं, म्हणून पोळी-भाजीचा डबा असलेला बरा.

चाकू, मिरचीचा स्प्रे गाडीतच राहू द्या. कोर्टाची जागा आहे, उगाच वाद नको. फोन सायलेंटवर टाका, कोर्टरूममध्ये डोकावण्याआधी सुनावणी चालू आहे का ते विचारा.

बाहेरून घाईघाईत फोटो काढून निघू नका. लाल मॅन्सार्ड (उभ्या उताराचं) छप्पर, घड्याळाचा मनोरा आणि इथल्याच चुनखडीच्या भिंती लांबूनही दिसतात. खरी मजा आतल्या जिन्यात आहे. अक्रोडाच्या लाकडाचा हा जिना वळत वळत तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. तळाशी उभं राहून मान वर करा, कठड्याची वळणं एकात एक गुंतलेली दिसतील. वास्तुविशारद जॉन हॅस्केल. टोपेकाच्या स्टेट कॅपिटॉलवरही, म्हणजे कॅन्ससच्या विधानभवनावरही, त्यांनी काम केलं होतं. जुना तुरुंगही इथेच आहे, तो बघायचा राहू देऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर वर जायची सोय काय आहे, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

बाहेर ब्रॉडवेवर विटांची फरसबंदी आहे, तेव्हा सपाट तळव्याचेच बूट घाला. मार्च-एप्रिलमध्ये या भागात कुरणं मुद्दाम जाळतात. दम्याचा त्रास असेल तर इनहेलर खिशात हवा. जाताजाता टॉलग्रास प्रेअरी प्रिझर्व्ह हे राखीव गवताळ रानही करायचं असेल तर लांब पॅन्ट घाला, गवतात गोचिड्या असतात. आणि बायसन (अमेरिकेतले रानगवे) दिसले की शंभर यार्डांच्या अलीकडे जाऊ नका, मुलं कितीही मागे लागली तरी.