राक्षसपटाचं प्रेमळ विडंबन करताय? या चुका टाळा

जुन्या राक्षसपटांवरच्या विनोदी शॉर्टफिल्म बहुतेक वेळा एकाच ठिकाणी आपटतात: राक्षसालाच विदूषक केलेलं असतं. तो धडपडतो, डोळे फिरवतो, टोमणे मारतो. मग त्याला घाबरायचं कुणी? आणि कुणीच घाबरत नसेल तर हसायचं कशाला?

1948 साली युनिव्हर्सल या हॉलिवूड स्टुडिओने एका चित्रपटात ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीची गाठ फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी घालून दिली. त्यात ड्रॅक्युला खुद्द बेला लुगोसी होता आणि लांडगामाणूस लॉन चेनी ज्युनियर. दोघांनीही आपापली पात्रं गांभीर्याने केली. आपण हसतो ते कॉस्टेलोची बोबडी वळते म्हणून.

दिग्दर्शक मेल ब्रुक्सच्या 1974 च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मधला आंधळ्या साधूचा प्रसंग थांबवून थांबवून पाहा. मूळ प्रसंग 1935 च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला. तिथे एकाकी साधू राक्षसाला खाऊपिऊ घालतो, आसरा देतो, आणि आपल्या घशात आवंढा येतो. ब्रुक्सच्या चित्रपटात साधू झालेला जीन हॅकमन तेच प्रेम करतो, पण त्याला दिसत नाही. कढत सूप पाहुण्याच्या मांडीवर सांडतं, जोरात पेला भिडवताना पाहुण्याचाच पेला फुटतो, सिगार पेटवताना अंगठा पेटतो. हॅकमन एकदाही ‘मी विनोद करतोय’ असा चेहरा करत नाही. साधूची माया खरी आहे, म्हणूनच राक्षसाचे हाल इतके हसवतात. तुमच्या पटकथेतही आपण विनोदी चित्रपटात आहोत हे पात्राला ठाऊक असल्यासारखं वाटणारं प्रत्येक वाक्य खोडून टाका. पार्श्वसंगीतालाही हाच नियम लावा. ‘टुईंग’ आवाज नकोत, व्हायोलिन मनापासून वाजू दे.

दुसरी चूक चित्राची. रंगीत शूट करून शेवटी रंग काढून टाकला की सगळं राखेसारखं सपाट दिसतं. ब्रुक्सने काळ्या-पांढऱ्याचा हट्ट सोडला नाही. त्यापायी कोलंबिया स्टुडिओशी बोलणी फिसकटली आणि चित्रपट फॉक्स स्टुडिओकडे गेला. तुम्हीही पहिल्या दिवसापासून मॉनिटर काळा-पांढरा ठेवा आणि प्रकाशयोजना त्यावर बघूनच ठरवा. प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स काढा, एकच उघडा दिवा बाजूने मारा. भिंतीवर अजस्र सावली हवी असेल तर नट दिव्यापासून 1 मीटरवर आणि भिंत नटाच्या मागे 3 मीटरवर ठेवा, सावली चौपट होते. कडा धूसर आल्या तर दिव्याचं तोंड मोठं आहे; काळ्या पुठ्ठ्याला लहान भोक पाडून पुढे धरा. दोन सावल्या पडल्या तर खोलीतला दुसरा दिवा चालू राहिलाय. चित्र लपलपत असेल तर 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

मेकअपमध्ये पांढरा रंग थापू नका, चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा होतो. रंगभूषाकार जॅक पिअर्सने 1931 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफला राखाडी-हिरवट रंग लावला, कारण फिल्मवर तो प्रेतासारखा फिका येई. डिजिटलमध्येही ही युक्ती चालते. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या चॅनल मिक्सरमध्ये (काळ्या-पांढऱ्या चित्रात कोणता रंग किती उजळ दिसावा हे तिथे ठरतं) लाल 15, हिरवा 75, निळा 10 इथून सुरुवात करा: हिरवा चेहरा उजळतो, बाकीच्यांची त्वचा गडद होते. लाल लिपस्टिक मात्र कोळशासारखी दिसते. नायिकेला फिका तपकिरी रंग लावा. ही चाचणी शूटच्या आदल्या दिवशी फोनवर करून घ्या.

प्रयोगशाळा थर्माकोलची केली की जुन्या चित्रपटांवरचं प्रेम खोटं असल्याचं उघड होतं. 1931 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी केनेथ स्ट्रिकफाडनने बनवलेली यंत्रं त्याने जपून ठेवली होती. ब्रुक्सने 1974 साली तीच आणून वापरली, आणि पूर्वी न मिळालेलं श्रेयही त्याला दिलं. तुम्ही भंगारबाजारातून जुने व्होल्टमीटर, चिनीमातीचे इन्सुलेटर आणि मोठे खटक्याचे स्विच आणा. त्यांत वीज सोडू नका. दोन तारांमध्ये चढणारी ठिणगी ट्रान्सफॉर्मर लावून घरी अजिबात करू नका, तो झटका जीव घेतो. प्लाझ्मा ग्लोब (आत विजेच्या रेषा नाचणारा काचेचा शोभेचा गोळा) आणि एडिटिंगमधल्या ठिणग्या पुरतात.

धुक्यासाठी ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, गरम पाण्यात टाकतात. त्याचा वायू जमिनीलगत साचतो, म्हणून प्रेत बनून खाली झोपलेल्या नटाला सर्वांत आधी गुदमरतं. खिडक्या उघड्या ठेवा, त्याला प्रत्येक टेकनंतर उठवा, बर्फ जाड हातमोज्यांनीच उचला.

हक्कांचा गोंधळही नेहमीचाच. मेरी शेलीची 1818 ची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही मूळ कादंबरी सर्वांना खुली आहे. सपाट डोकं आणि मानेतले खिळे मात्र कादंबरीत नाहीत, ते रूप युनिव्हर्सलच्या चित्रपटाचं आहे. शेलीचा जीव पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आणि अस्खलित बोलणारा आहे. म्हणून पोस्टरवर त्याला आणा.