सार्वजनिक गोल्फ कोर्सची दुरवस्था: पाहणीपासून माहिती अधिकारापर्यंत

खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने गोल्फ कोर्स उभारल्यापासून नवी मुंबई आणि ठाण्यातील अनेकांना खासगी क्लबच्या सभासदत्वाशिवाय हा खेळ खेळता येऊ लागला. अशा कोणत्याही सार्वजनिक मैदानाची देखभाल ढासळली, तर तक्रार करण्याचा खेळाडूंना पूर्ण अधिकार आहे. मात्र ‘मैदानाची पार वाट लागली आहे’ अशा एका वाक्याच्या तक्रारीला ‘नोंद घेतली आहे’ असे एका वाक्याचेच उत्तर मिळते, म्हणून पाहणी होलनिहाय, म्हणजे मैदानाच्या प्रत्येक क्रमांकित भागाची स्वतंत्रपणे, आणि मोजमापासह करावी.

त्याआधी हयगय आणि हंगाम यांत फरक करावा. जून ते सप्टेंबर या काळात ओल्या फेअरवेवर (चेंडू मारत पुढे नेण्याच्या, गवत कापून ठेवलेल्या पट्ट्यावर) गवत कापण्याचे यंत्र नेल्यास चाकोऱ्या पडतात, त्यामुळे त्या दिवसांत गवत वाढलेले दिसणे स्वाभाविक आहे. ग्रीनवर (चेंडू घालायच्या खळग्याभोवतीच्या, अगदी बारीक कापलेल्या गवतावर) ओळीने छिद्रे पाडून वर वाळू पसरलेली दिसली, तर तेही दुर्लक्ष नसून घट्ट झालेल्या मातीत हवा आणि पाणी खेळावे म्हणून केलेले कामच असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सर्वाधिक तक्रारी येतात. याउलट पाऊस थांबून पूर्ण दिवस उलटला तरी एखाद्या ग्रीनवर पाणी साचून राहत असेल, तर निचऱ्यात दोष असण्याची दाट शक्यता असते. म्हणून पाऊस कधी थांबला आणि छायाचित्र कधी घेतले, या दोन्ही वेळा लिहून ठेवाव्यात.

ग्रीनवर सर्वांत आधी होल, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खळगा, तपासावा. नियमानुसार त्याचा व्यास 108 मिलिमीटर असतो. कडा ढासळून तो रुंदावला असेल आणि भोवती गवत तुडवले गेल्याचे कडे उमटले असेल, तर होलची जागा बरेच दिवस बदललेली नाही असे समजावे. जुन्या होलच्या जागी बसवलेले गवताचे तुकडे खचलेले आहेत का, हेही पाहावे. चेंडू आदळून पडलेले खड्डे मात्र तक्रारीत धरू नयेत, कारण ते बुजवण्याची जबाबदारी खेळाडूंचीच आहे आणि आपल्यापैकी बरेच जण ती टाळतात. बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरील वाळूच्या खड्ड्यात, पट्टी खुपसून वाळूची खोली मोजावी. तळाशी ती साधारणपणे 10 ते 15 सेंटिमीटर असणे अपेक्षित असते. पावसाने उतारावरची वाळू वाहून गेली असेल किंवा दगड वर आले असतील, तर छायाचित्रात पट्टी ठेवूनच ते दाखवावे.

ऑक्टोबरच्या उन्हात फेअरवेचा रंग बरेच सांगतो. तुषार सिंचनाच्या तोटीभोवती हिरवे वर्तुळ आणि दोन वर्तुळांच्या मध्ये करपलेले पट्टे दिसत असतील, तर पाणी कमी आहे असे म्हणण्यापेक्षा ते सर्वत्र पोहोचत नाही असे लिहावे; तोट्या तुंबलेल्या असू शकतात किंवा दाब अपुरा असू शकतो.

या नोंदी होल क्रमांक, दिनांक आणि छायाचित्रांसह आधी मैदानाच्या व्यवस्थापकांना आणि नंतर मैदानाची मालकी असलेल्या सार्वजनिक संस्थेला लेखी द्याव्यात, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मैदानावर भेटणाऱ्या माळ्यांना जाब विचारू नये. किती माणसे नेमायची हे त्यांच्या हातात नसते.

तरीही हालचाल झाली नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 अन्वये त्या संस्थेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये असून अर्ज एकाच विषयावर आणि साधारणतः 150 शब्दांच्या आत असावा लागतो. ‘देखभाल का होत नाही?’ असा प्रश्न विचारल्यास त्याचे उत्तर टाळता येते. म्हणून देखभालीच्या कंत्राटाची प्रत, त्यात ठरलेली कामगारसंख्या आणि गवतकापणीचे वेळापत्रक, मागील वर्षातील पाहणी अहवाल, तसेच देयकांतून दंडापोटी कपात केली असल्यास तिचा तपशील, अशी कागदपत्रेच मागावीत. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते अपुरे असले, तर त्यानंतरच्या 30 दिवसांत प्रथम अपील दाखल करता येते. कागदपत्रे हाती आल्यावर कंत्राटातील प्रत्येक अट आपल्या होलनिहाय नोंदींशी ताडून पाहावी आणि जिथे तफावत आढळेल, तेवढ्याच मुद्द्यांवर दुसरे पत्र द्यावे.