एकच औषध, तीन बाटल्या

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी 32 वर्षं सिस्टर होते. आता निवृत्त आहे, तरी गल्लीतल्या बायका औषधाची बाटली घेऊन दारात येतातच. "सिस्टर, हे किती पाजू?" मी त्यांना उलट विचारते, "बाळाचं वजन किती?" वजन फार कमी जणींना माहीत असतं. वय मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. तापाचं पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलीग्रॅम द्यायचं, दोन डोसांत निदान 4 ते 6 तास अंतर ठेवायचं आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नाहीत. म्हणजे 10 किलोच्या मुलाला एका वेळी साधारण 120 मिलीग्रॅम. आता बाटली फिरवून नावाखालचं बारीक अक्षर वाचा. एका सिरपवर '5 मिलीत 120 मिलीग्रॅम' असतं, त्यातलं 5 मिली लागेल. दुसऱ्यावर '5 मिलीत 250' असतं, त्यातलं अडीच मिली पुरे. आणि ड्रॉप्सच्या इवल्या बाटलीवर '1 मिलीत 100' असतं, त्यातलं फक्त 1.2 मिली. ड्रॉप्स लहान बाळाचे म्हणून सौम्य असतील असं सगळ्यांना वाटतं. खरं तर या तिघांत तेच सगळ्यात कडक.

एका पहाटे सात महिन्यांचं बाळ घेऊन एक आई आली. ताप उतरेना म्हणून रात्रभरात तिने तीनदा औषध पाजलं होतं, दर वेळी 5 मिली. थोरल्याच्या वेळचं सिरप 5 मिलीच द्यायचं, ते तिच्या लक्षात होतं. हातातली बाटली मात्र ड्रॉप्सची होती. साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात दीड ग्रॅम पॅरासिटामॉल गेलं होतं. आम्ही लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथे उतारा सुरू झाला, यकृताच्या तपासण्या झाल्या आणि पाचव्या दिवशी बाळ घरी आलं. ती आई निष्काळजी नव्हती, रात्रभर जागी होती. ते बारीक अक्षर तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही बाटली देताना त्या ओळीवर बोट ठेवते.

घरातला चमचा मापाला घेऊ नका. कुठला तीन मिलीचा, कुठला सात मिलीचा. बाटलीसोबतचं झाकण किंवा ड्रॉपर त्याच बाटलीला वापरा, नाहीतर बिनसुईची सिरिंज आणा. बाळाला मांडीवर उभं धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला टेकवा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून, आडवं पाडून पाजलं की औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळू नका, बाळाने अर्धंच दूध प्यायलं तर डोसही अर्धाच गेला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून काहीही चाटवू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, तडक डॉक्टरकडे न्या.

मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणं अजून चालतं, ते थांबवा. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध 12 वर्षांखालच्या मुलांसाठी 2011 पासून आपल्याकडे बंद आहे. तापात मुलांना ॲस्पिरिन नको. सर्दीच्या क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन मिश्रणावर तर आता '4 वर्षांखाली वापरू नये' असं छापावं लागतं.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. "पेलाभर करते, बाकीचं नंतर" म्हणून पेल्यात अख्खं पाकीट ओतलं की मिठाचं प्रमाण घातक होतं. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या.

गरोदर बाईने दुकानातून आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी आणून घेऊ नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

म्हाताऱ्या माणसांचं मला जास्त भय वाटतं, कारण त्यांची औषधं तीन डॉक्टरांची असतात आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नसतो. घरातली सगळी पाकिटं, गुडघ्यावरचं चूर्णसुद्धा, एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांसमोर ओता. दोन वेगळ्या नावांखाली तीच बीपीची गोळी मी कितीदा पकडली आहे. बीपीच्या औषधांसोबत गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक घेतलं तर किडनीवर घाव पडतो. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल तर ती औषध हळूहळू सोडणारी गोळी असते, ती कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल करा, रोज घेतली तर ती जीव घेते.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची, रक्तातली साखर उतरवणारी गोळी घेऊन संकष्टी करणाऱ्या आज्या दर महिन्याला ठरलेल्या. उपास करायचाच असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना गोळीचं विचारा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्तातली साखर तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही नको, 108 ला फोन लावा.

इन्सुलिनच्या बाटलीवर 40 आहे की 100, म्हणजे 1 मिलीत किती युनिट, ते सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवून पाहा. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. गावात एकच मिळाली म्हणून तीच वापरली तर डोस अडीचपट होतो नाहीतर अर्ध्याहून कमी.

घरात लोहाच्या लाल गोळ्या असतील तर त्या वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. पोरांना त्या गोड गोळ्याच वाटतात. मुलाने खाल्ल्याची शंका आली तर उलटी काढायला जाऊ नका. उरलेलं पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. किती गोळ्या पोटात गेल्या ते आम्ही त्या रिकाम्या खळग्यांवरूनच मोजतो.