मुलीच्या मागे कोणी लागलंय, किंवा आपलाच मुलगा कोणाच्या मागे लागलाय

नकार मिळाल्यावरही क्लासच्या गेटवर रोज थांबणं, नवनव्या खात्यांवरून मेसेज, मैत्रिणींकडे चौकशी: याला ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका.

मुलीने एकदाच, लेखी आणि कारण न देता कळवावं: ‘मला संपर्क नको.’ नंतर उत्तर शून्य. तीस कॉलनंतर एकतिसावा उचलला, की तो शिकतो तीस कॉल करावे लागतात.

ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या; नंबर किंवा खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. वहीत नोंद ठेवा: ‘मंगळवार, ६.४०, बसस्टॉप, घरापर्यंत मागे.’ स्नॅपचॅटवर घोस्ट मोड लावा, म्हणजे नकाशावर ती कुठे आहे हे दिसणार नाही, पासवर्ड बदला. मुलीचा फोन काढून घेणं किंवा क्लास बंद करणं मात्र टाळा. पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

मग शाळेला लेखी कळवा. धोका असेल तर ११२, मुलांसाठी १०९८. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ महिलांच्या पाठलागाबद्दल आहे. लैंगिक हेतू असेल तर पोक्सोचं (अठराखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम ११ मुलग्यांनाही संरक्षण देतं. पाठलाग करणारा अठराखालचा असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

आपलाच मुलगा असेल तर माफी मागायला तिच्या घरी पाठवू नका, तोही संपर्कच. बनावट खाती समोर बसवून बंद करायला लावा, येण्याजाण्याची वेळ बदला, समुपदेशकाला भेटा. मारहाणीने तो फक्त लपवायला शिकतो.