नव्या पिस्तुलात पुंगळी अडकते? आधी मॅगझिन तपासा

.३२ बोअरचं नवं पिस्तूल हातात येतं, मालक हौसेने नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीला रिकामी पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं कवच) स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खिडकीतच उभी राहते. 'मालच खराब निघाला' म्हणत दुकान गाठण्याआधी थोडं थांबा. दोष अनेकदा मॅगझिनचा, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचा, असतो आणि तो ओळखायला पिस्तूल खोलावंही लागत नाही. कितव्या गोळीला अडकलं, एवढं नीट टिपून ठेवलं की निदान बरंच सोपं होतं.

गोळी झाडून करायची तपासणी परवानगी असलेल्या रेंजवरच करा आणि तिथल्या अधिकाऱ्याला आधी कल्पना द्या. मुळशीकडच्या फार्महाऊसवर 'दोनच गोळ्या झाडून बघू' हा विचार मनातही आणू नका. बेदरकारपणे किंवा जल्लोषात इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला, तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पुंगळी अडकली की पहिल्यांदा ट्रिगरवरचं बोट बाहेर घ्या आणि नळी लक्ष्याकडेच ठेवा. मग मॅगझिन काढा आणि त्यानंतरच स्लाइड मागे ओढून पुंगळी पाडा. हा क्रम उलटला, तर स्लाइड पुढे जाताना नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी झाडायच्या जागी, बसतं. चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटू शकते.

अडकलंय काय, तेही नीट बघा. रिकामी पुंगळी असेल तर दोष बाहेर फेकण्यातला. जिवंत काडतूस मॅगझिनमधून पुढेच सरकत नसेल तर दोष भरण्यातला, आणि .३२ मध्ये त्याचं एक खास कारण आहे. या काडतुसाच्या बुडाची कड अंगाच्या किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. म्हणून मॅगझिन भरताना वरची कड खालचीच्या पुढे आहे ना, हे दर वेळी पाहावं.

आता मुख्य काम. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे येते. एक्स्ट्रॅक्टर नावाचा आकडा पुंगळीला कडेला धरून चेंबरमधून ओढतो, बुडाच्या दुसऱ्या बाजूला इजेक्टर आदळतो आणि पुंगळी खिडकीतून उडते. हे घडत असताना स्प्रिंगच्या जोरावर पुढचं काडतूस खालून वर रेटत असतं. मॅगझिनचे ओठ (तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा) फाकलेले असतील किंवा मॅगझिन जरा जास्त वर बसत असेल, तर ते काडतूस स्लाइडला आणि मागे सरकणाऱ्या पुंगळीला घासतं. स्लाइडचा वेग त्यात खर्च होतो, इजेक्टरचा फटका मऊ पडतो.

हे पडताळायला किमान दोन मॅगझिन हवीत. त्यांच्यावर १ आणि २ असे आकडे रंगवा. काडतुसं एकाच पेटीतली, नेमबाज एकच, पकड घट्ट. सैल मनगटानेही पुंगळी अडकते, त्यामुळे शक्य असेल तर प्रशिक्षकाला शेजारी उभं करा. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, तेव्हा ती जपून वापरा. प्रत्येक मॅगझिनमध्ये आधी एकच काडतूस, मग तीन-चार, शेवटी पूर्ण भरून. निकाल लगेच वहीत लिहा.

क्रमांक १ अडकतं आणि २ सुरळीत चालतं, तर दोषी सापडला. पूर्ण भरल्यावर पहिल्याच एक-दोन गोळ्यांना अडकतं, पण दोन काडतुसं कमी भरली की अडकणं थांबतं, असं असेल तर खालून वर येणारा दाब जास्त आहे: नवी कडक स्प्रिंग किंवा फाकलेले ओठ. मधेच कुठेही अडकत असेल तर मॅगझिनच्या आत कचरा, डबीला पोचा किंवा तिरका होणारा फॉलोअर (काडतुसांना खालून वर रेटणारी पट्टी) शोधा. आणि दोन्ही मॅगझिनमध्ये फक्त शेवटचीच पुंगळी अडकत असेल तर संशय एक्स्ट्रॅक्टरवर घ्या. एरवी खालचं काडतूस पुंगळीला टेकू देतं, शेवटच्या वेळी तो नसतो, आणि मग एक्स्ट्रॅक्टरची ढिली पकड उघडी पडते.

घरी करायची तपासणी जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर पुन्हा एकदा पाहूनच. दोन्ही मॅगझिनचे ओठ वरून शेजारी-शेजारी धरून बघा, फरक नजरेला कळतो. लाकडी काडीने फॉलोअर दाबा, तो न अडखळता वर यायला हवा. आधी मॅगझिन न लावता आणि मग डमी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसं भरलेलं मॅगझिन लावून स्लाइड हळू मागे ओढा. एकाच मॅगझिनला घासल्यासारखं लागलं तर ते टिपून ठेवा. कारखान्यातून आलेलं जाड तेल पुसून काढा. मॅगझिनचा आतला भाग कोरडा असावा, कारण तेलावर धूळ बसते. पुण्याच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये पिस्तूल ठेवून देऊ नका, चामडं दमट होतं. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेलं पिस्तूल परत मिळाल्यावरही ही साफसफाई आधी, रेंज नंतर.

ओठ पकडीने वाकवणं, स्प्रिंग ताणणं किंवा कापणं हे उद्योग कृपा करून करू नका. केसाएवढा फरक पडला तरी नवा दोष तयार होतो, आणि विक्रेता मग हात वर करतो. वही घेऊन विक्रेत्याकडे जा आणि मॅगझिन बदलून मागा. एक्स्ट्रॅक्टरचं काम परवानाधारक दुरुस्तीकाराचंच. नेताना पिस्तूल रिकामं आणि परवाना सोबत.

बदललेलं मॅगझिनही त्याच क्रमाने तपासा: एक, तीन-चार, पूर्ण. संरक्षणासाठी पिस्तूल बाळगत असाल तर अडकणारं मॅगझिन तोवर वेगळ्या खणात ठेवा, चांगल्यात मिसळू देऊ नका.